अपराध पोटात घालावा का? खंडोजी खोपडे, कान्होजी जेधे आणि रदबदली



आपल्या मराठीत 'अपराध पोटात घालणे' असा एक फार जुना वाक्प्रचार आहे. आई लेकराचे अपराध पोटात घालते, गुरू शिष्याचे घालतो, थोरल्या माणसाकडून तर आपण ते गृहीतच धरतो. आज आपल्याला पाहायचंय ते हे, की राज्य चालवणाऱ्या माणसाला एवढं मोठं पोट असावं का? अपराधी परका असला तर प्रश्न सोपा असतो. पण तो कालपर्यंत आपल्या पंगतीला बसणारा असेल, चुकलो म्हणून पाय धरायला आला असेल आणि त्याच्या वतीने शब्द टाकणारा माणूस असा असेल की ज्याला 'नाही' म्हणणं जड जावं, तर काय करायचं?

हे तिन्ही जुळून आलेलं एक प्रकरण शिवकाळात आहे. बहुतेकांनी ते अफजलखानाच्या गोष्टीत शेपटासारखं ऐकलेलं असतं. आम्हाला ते मुख्य गोष्टीइतकंच महत्त्वाचं वाटतं, म्हणून आज तिथूनच सुरुवात करू.

साल १६५९. अफजलखान विजापुराहून निघाला, आणि त्याच्या आगेमागे मावळच्या देशमुखांना आदिलशाही फर्मानं आली: खानाला सामील व्हा, नाहीतर वतनाला मुकाल. असं एक फर्मान त्या वर्षीच्या जून महिन्यात कारीच्या कान्होजी जेध्यांना आलं. जेधे म्हणजे रोहिडखोऱ्यातलं मातब्बर देशमुख घराणं. कान्होजी शहाजीराजांचा जुना माणूस, राजांबरोबर कैदही भोगलेला. ते फर्मान घेऊन तो पोरांसह शिवाजीमहाराजांकडे आला आणि वतनावर पाणी सोडून मोकळा झाला. पाणी सोडणं ही तेव्हा नुसती बोलण्याची पद्धत नव्हती. हातावर पाणी घेऊन खाली सोडलं की त्या वस्तूवरचा हक्क संपला. महाराजांनी त्याच्या बायकामुलांना तळेगावला हलवायला सांगितलं, कारण खानाच्या वाटेत कारी सापडली असती तर तिथं काय झालं असतं ते सांगायला नको.

त्याच खोऱ्यात उत्रवळीचे खोपडे देशमुख होते. खंडोजी खोपडे खानाला जाऊन मिळाला. नुसता मिळाला नाही, तर शिवाजीला पकडून देण्याची हमी घेऊन, त्या बदल्यात वतनाचा फायदा मागून मिळाला. म्हणजे बघा, एकाच खोऱ्यातले दोन देशमुख. दोघांनाही वतन प्यारं, दोघांच्याही डोक्यावर तीच तलवार. एकानं वतन सोडलं, दुसऱ्यानं त्याच्यासाठी धनी सोडला.

पुढचं सर्वांना ठाऊक आहे. १० नोव्हेंबर १६५९ ला प्रतापगडाच्या पायथ्याशी खान मारला गेला, जावळीच्या रानात त्याची फौज कापली गेली आणि खंडोजी खोपडे जीव घेऊन पळाला. लपून लपून किती दिवस राहणार? मग त्यानं सोयऱ्याधायऱ्यांकरवी हालचाल सुरू केली. त्याचा जावई होता हैबतराव शिळीमकर, गुंजण मावळचा देशमुख. त्याच्यामार्फत निरोप पोहोचला तो थेट कान्होजी जेध्यांकडे. आमचा अपराध झाला, आता जीव वाचवा.

इथं जरा थांबू. खंडोजीनं मध्यस्थ निवडला तो कोण? ज्यानं त्याच प्रसंगात सगळं सोडलं होतं, तोच. खान जिंकला असता तर खंडोजीच्या हमीमुळे ज्याचं घरदार बुडालं असतं, तोच. हा निव्वळ धूर्तपणा होता की कान्होजीच्या मोठ्या मनावरचा विश्वास, ते आपण ठरवू शकत नाही. दोन्ही असेल. पण कान्होजीनं ते मनावर घेतलं. त्याची शिळीमकरांशी भीड होती, खोऱ्यातला शेजार होता आणि पुढची कित्येक वर्षं याच घराण्यांबरोबर एकाच घाटवाटेनं चालायचं होतं. तो महाराजांकडे गेला आणि रदबदली केली.

रदबदली हा शब्द नीट लक्षात ठेवा, आजचं व्याख्यान त्याच्याभोवतीच फिरणार आहे. आजच्या 'शिफारशी'पेक्षा तो वजनदार आहे. रदबदली करणारा स्वतःची पत गहाण टाकतो. तुम्ही माझं ऐकलंत तर तुमचा उपकार माझ्यावर, आणि तो माणूस पुन्हा उलटला तर दोषही माझा.

महाराजांना ते रुचलं नाही, पण कान्होजीचा शब्द मोडवेना. जीव न घेण्याचा कौल मिळाला. खंडोजी आला, मुजरा करू लागला, दरबारात वावरू लागला. झालं गेलं गंगेला मिळालं असं त्याला वाटलं असणार. आणि एके दिवशी महाराजांनी त्याला धरवून त्याचा उजवा हात आणि डावा पाय तोडवला.

कान्होजी धावत गेला आणि कौल दिला असताना हे काय केलंत म्हणून त्यानं विचारलं. महाराजांच्या उत्तराचा आशय असा: तुमच्या शब्दासाठी जीव ठेवला, नाहीतर तो जिवानिशी जाता. पण ज्या हातापायांनी हरामखोरी केली, त्यांची शिक्षा त्याला भोगलीच पाहिजे.

ही हकीकत आपल्याला कळते ती 'जेधे करीना' नावाच्या कागदावरून. करीना म्हणजे घराण्यानं स्वतःची सांगितलेली हकीकत, वतनाच्या कामी उपयोगी पडावी म्हणून लिहिलेली. जेधे शकावली वेगळी, ती लोकमान्य टिळकांनी उजेडात आणली. ती तारखांची नोंदवही आहे, हा करीना म्हणजे गोष्ट आहे. आता घराण्याच्या कागदात पूर्वजांची थोरवी फुगवलेली असणार, हे धरूनच तो वाचायचा असतो. तरीही या प्रसंगावर आमचा विश्वास बसतो, आणि त्याचं कारण साधं आहे. यात कान्होजीचा मोठेपणा आहे तसा त्याच्या शब्दाला लागलेला धक्काही आहे. पूर्वजाची रदबदली अर्धीच चालली, हे कुठलं घराणं बनवून सांगेल?

मग कौल मोडला की पाळला? अक्षराला धरून पाहिलं तर पाळला, कारण कौल जिवाचा होता आणि जीव राहिला. पण खंडोजीला दरबारात येऊ दिलं, त्याच्या मनातली भीती जाऊ दिली आणि मग धरलं, हे आम्हाला आजही खुपतं. महाराजांबद्दलचा आदर याच्या आड यायचं कारण नाही. शिक्षा द्यायची होती तर कौल देतानाच सांगता आलं असतं, की जीव राहील पण दंड होईल. कदाचित तसं सांगितलं असतं तर खंडोजी आलाच नसता, रानोमाळ फितवा करत फिरला असता. राज्याला ते परवडणारं नव्हतं. हात-पाय तोडणं आज आपल्याला अघोरी वाटतं. त्या काळी मात्र तो रुळलेला दंड होता आणि फितुरीला त्याहून कमी काही मिळेल अशी अपेक्षा कोणी करत नसे.

पण शिक्षा व्हावी की नाही, या मूळ प्रश्नावर आमचं मत स्पष्ट आहे. व्हायलाच हवी होती. खंडोजीचा पश्चात्ताप खरा होता असं धरून चाललो तरी. कारण त्या माफीची किंमत महाराजांच्या पदरची नव्हतीच. ती जावळीच्या रानात मेलेल्या मावळ्यांच्या घरची होती, फर्मान धुडकावून बायकामुलं परगावी हलवणाऱ्यांची होती. खंडोजी धडधाकट मुजरा करत दरबारात उभा राहिला असता, तर पुढच्या खानाच्या वेळी रोहिडखोऱ्यातल्या प्रत्येक देशमुखानं हिशेब मांडला असता: आधी खानाकडे जाऊ, खान हरलाच तर पाय धरू. इमानाने राहणाऱ्याला वेडा ठरवणारी माफी कुठलंही राज्य देऊ शकत नाही.

कान्होजी हे जाणत नव्हता असं आम्हाला वाटत नाही. त्यानं जीव मागितला, आणि आमच्या वाचनात त्याहून जास्त काही मागितलं नाही. सोबत्यानं किती मागावं, याची ती हद्द त्याला ठाऊक असावी.

आता कुणी म्हणेल, हा तर राजकारणाचा हिशेब झाला. पश्चात्तापाला काही मोल आहे की नाही? आपल्या धर्मशास्त्रानं याचा फार बारकाईनं विचार केलेला आहे. याज्ञवल्क्य स्मृतीचे तीन भाग आहेत: आचार, व्यवहार आणि प्रायश्चित्त. दंड येतो व्यवहारात, पश्चात्ताप येतो प्रायश्चित्तात. दोन वेगळ्या कोठड्या, आणि एकीची किल्ली दुसरीला लागत नाही. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात एक विलक्षण चित्र आहे. चोरानं केस मोकळे सोडून, खांद्यावर मुसळ घेऊन, आपला अपराध बोलत राजाकडे धावत जायचं. राजानं मारलं काय किंवा सोडलं काय, चोर पापातून सुटतो. पण राजानं दंड केला नाही तर ते पाप राजाच्या माथी बसतं. म्हणजे कबुली देणारा मोकळा होऊ शकतो, सोडणारा मात्र अडकतो. त्याच अध्यायात पुढे राजाला दंड करण्यापासून कोणाचीही सूट नाही असं सांगताना यादी दिली आहे. तिच्यात बाप आहे, आचार्य आहे, आई, बायको, मुलगा, पुरोहित आहेत आणि 'सुहृद्' म्हणजे मित्रही आहे. त्याच ग्रंथात वर्णावर्णाप्रमाणे दंड कमीजास्त करणारी वचनंही आहेत, ती आम्ही विसरत नाही. सगळ्यांना सारखा कायदा तिथं नव्हता. पण जवळिकीची सूट शास्त्रानंही दिलेली नाही, एवढाच मुद्दा इथं घ्यायचा.

महाभारताच्या शांतिपर्वात व्यासांनी युधिष्ठिराला शंख आणि लिखित या भावांची गोष्ट सांगितली आहे. लिखित थोरल्या भावाच्या आश्रमात गेला, भाऊ नव्हता, झाडाची फळं तोडून खात बसला. शंख आला आणि म्हणाला, न विचारता घेतलंस, ही चोरी आहे, राजाकडे जा आणि दंड माग. लिखित सुद्युम्न राजाकडे गेला. राजा अवघडला. एवढा तपस्वी, आपण होऊन आलेला, अपराध काय तर चार फळं! त्यानं जो युक्तिवाद केला तो आजही न्यायालयात शोभेल: दंड देण्याचा अधिकार राजाचा असेल तर माफ करण्याचाही अधिकार त्याचाच नाही का? लिखितानं ऐकलं नाही. त्याचे हात तोडले गेले. मग शंखानं त्याला बाहुदा नदीत तर्पण करायला पाठवलं आणि तिथं हात पुन्हा फुटून आले. लिखितानं विचारलं, एवढी तुझी शक्ती होती तर आधीच मला शुद्ध का केलं नाहीस? शंख म्हणाला, तुला दंड देणारा मी नव्हे.

हे उत्तर आम्हाला फार मोलाचं वाटतं. शंख भाऊ होता. तो रागावला नव्हता, आणि दंड झाल्यावर जवळ घेणाराही तोच. पण दंड टाळण्याचा अधिकार आपला नाही, हे तो जाणून होता. अर्थात लिखिताचे हात परत आले, खंडोजीचे आले नाहीत. पुराण आणि इतिहास यांत एवढा फरक असायचाच.

आता उलट बाजूचं प्रकरण घेऊ, जिथं माफी दिली गेली. ३ एप्रिल १६८० ला शिवाजीमहाराज गेले. अण्णाजी दत्तो, मोरोपंत वगैरे कारभाऱ्यांनी संभाजीराजांना डावलून रायगडावर दहा वर्षांच्या राजारामाला गादीवर बसवलं. सेनापती हंबीरराव मोहिते संभाजीराजांच्या बाजूनं उभे राहिले, कारभारी कैद झाले आणि जूनमध्ये संभाजीराजे रायगडावर आले. ही माणसं कोण होती ते विसरू नका. अण्णाजींनी जमिनीची पाहणी करून स्वराज्याची महसुलाची घडी बसवली होती. त्यांच्यातल्या काहींना संभाजीराजांनी सोडलं, अण्णाजींना तर पुन्हा मोठं पद दिलं. वडिलांच्या वेळचे सोबती, अनुभवी हात, राज्य नवीन, औरंगजेब दाराशी येऊ घातलेला. माफीला कारणं भरपूर होती.

वर्षभरातच, १६८१ च्या पावसाळ्यात, दुसरा कट उघडकीला आला. औरंगजेबाचा बंडखोर मुलगा अकबर तेव्हा सुधागडाच्या परिसरात आश्रयाला होता. कटवाल्यांनी त्यालाच पत्र लिहिलं आणि त्यानं ते संभाजीराजांना कळवलं. विषप्रयोगाचीही वार्ता मुंबईच्या इंग्रजांच्या पत्रांत येते. या वेळी माफी नव्हती. अण्णाजी दत्तो मारले गेले. आग्र्यात महाराजांच्या जागी पांघरूण घेऊन झोपला असं आपण लहानपणापासून ऐकतो, तो हिरोजी फर्जंद मारला गेला. काहींना हत्तीच्या पायी दिलं. चिटणीस बाळाजी आवजीही त्यात गेले.

मग पहिली माफी चूक होती का? बरेच जण पटकन 'हो' म्हणतात, कारण शेवट माहीत असतो. आम्ही तसं म्हणणार नाही. आमचं म्हणणं असं की ती माफी अर्धवट होती. कैद झाली, सुटका झाली, पद मिळालं. पण अपराध काय होता, त्याचा दंड किती, तो फिटला की नाही, याचा निवाडा झालाच नाही. त्यामुळे सोडणाऱ्याच्या मनात संशय राहिला आणि सुटलेल्याच्या मनात भीती. खंडोजीचं प्रकरण कितीही क्रूर असलं तरी मिटलं होतं. अण्णाजींचं मिटलंच नव्हतं. आणि न मिटलेलं प्रकरण दुसऱ्यांदा उफाळलं तेव्हा रागाच्या तडाख्यात माणसं निवडायला वेळ राहिला नाही. बाळाजी आवजी खरोखर कटात होते का, यावर अभ्यासकांत आजही एकमत नाही. त्यांचा मुलगा खंडो बल्लाळ मात्र पुढे संभाजीराजांच्या आणि नंतर जिंजीपर्यंत राजारामाच्या चाकरीत राहिला. बाप मारणाऱ्या धन्याची चाकरी त्यानं कुठल्या मनानं केली असेल, त्याचा कागद आपल्याकडे नाही.

जाता जाता पेशवाईतलं एक. ३० ऑगस्ट १७७३ ला नारायणराव पेशव्यांचा खून झाला, आणि राघोबादादांनी रामशास्त्री प्रभुण्यांना प्रायश्चित्त विचारलं, तेव्हा शास्त्रीबुवांनी देहान्त सांगितला, ही गोष्ट ग्रँट डफनं इंग्रजीत नेली तेव्हापासून आपण सारे सांगत आलो आहोत. तिच्यातला एक बारकावा सहसा सुटतो. दादांनी दंड विचारला नव्हता, प्रायश्चित्त विचारलं होतं. व्यवहाराच्या कोठडीतून निघून प्रायश्चित्ताच्या कोठडीत जायची ती वाट होती, आणि शास्त्रीबुवांनी दोन्हीकडे एकच दार ठेवलं. सध्याच्या आपल्या कायद्यातला 'माफीचा साक्षीदार'ही असाच नीट पाहायला हवा. त्याला माफी मिळते ती पश्चात्तापाबद्दल मिळत नाही, बाकीच्यांविरुद्ध खरं सांगण्याच्या अटीवर मिळते. तो सौदा आहे आणि कायदा तो सौदा म्हणूनच लिहितो.

मग सोबत्यानं करायचं काय? रदबदली अर्धीच चालणार, न्याय आपल्या हातात नाही, तर हात बांधून बसायचं? यासाठी आम्ही तुम्हाला आणखी मागे नेतो, १६४६ च्या रांझे गावी. महाराज तेव्हा सोळा वर्षांचेही नव्हते. गावचा पाटील बाबाजी भिकाजी गुजर यानं पाटिलकी हाती असताना 'बदअमल' केला. पत्रात शब्द एवढाच आहे, पुढची वर्णनं लोकांनी भरलेली आहेत. चौकशी झाली, गुन्हा खरा ठरला, बाबाजीचे हातपाय तोडले गेले आणि पाटिलकी गेली. इथपर्यंतची गोष्ट प्रत्येक व्याख्यानात येते. पण पत्र तिथं संपत नाही. त्याच गुजर कुळातला सोनजी पुढे आला. शिक्षा झाली ती चुकीची, असं तो म्हणाला नाही. कमी करा, असंही म्हणाला नाही. त्यानं अर्ज केला की बाबाजीला आमच्या हवाली करा. हातपाय गेलेला, वतन गेलेला, गावानं थुंकावं असा माणूस त्यानं मागून घेतला, सांभाळायला. महाराजांनी बाबाजीला त्याच्या स्वाधीन केलं, दंड भरून घेतला आणि रांझ्याची पाटिलकी सोनजीला दिली.